काठवट, रई, पायली: नागपुरात जुनी लाकडी भांडी जमवायला लागताना

माझी पहिली काठवट, म्हणजे कणीक मळायची लाकडी परात, मी स्वतःच बिघडवली. उमरेडकडच्या एका खेड्यातून 300 रुपयांत आणलेली, एकाच ओंडक्यातून कोरलेली. आतून काळीभोर, हात फिरवला की तुपकट लागणारी. एका कडेला तडा गेला होता आणि त्या तड्यावर कुणीतरी तांब्याच्या तारेचे पाच टाके घातले होते, गोधडीला घालावेत तसे. मी ती आमच्या भागातल्या एका सुताराकडे नेली आणि म्हटलं, "जरा साफ करून द्या." त्यानं मन लावून काम केलं. चार दिवसांनी काठवट परत आली ती रंधा मारून, तार उपटून, तड्यात भुसा आणि डिंक भरून, वर चकचकीत पॉलिश लावून. "पहा ताई, एकदम नवीकोरी!" त्याची काही चूक नव्हती. सांगायला मीच चुकले होते.

त्याला आता 9 वर्षं झाली. या काळात मी पुष्कळ चुका केल्या, काही महागात पडल्या. नागपुरात राहून हा नाद लावून घेणाऱ्यांनी निदान त्याच चुका पुन्हा करू नयेत, म्हणून हे लिहितेय.

1. आधी एकच प्रकार धरा

पहिल्या वर्षी मी दिसेल ते उचललं. एक उखळ घरी आणलं, ते चौघांनी जिन्यावरून चढवलं आणि आज सहा वर्षं ते बाल्कनीत कुंडीचा स्टँड म्हणून उभं आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर उखळ, मोठी पेटी, धान्याचं कोठार यांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

सुरुवातीला लाटणी आणि पोळपाट घ्या. स्वस्त असतात, जागा खात नाहीत, आणि दहा लाटणी शेजारी शेजारी ठेवली की डोळा आपोआप तयार होतो. त्यानंतर ताक-लोण्याचं सामान, मग मापं. काठवट हाताला सवय झाल्यावर घ्या.

2. नावं पाठ करा

हे वेळखाऊ वाटेल, पण नाव माहीत नसेल तर गावात वस्तू मिळत नाही. "जुनं लाकडी काही आहे का?" विचारलं तर लोक दरवाजे आणि पलंग दाखवतात. "आजीची रई आहे का हो माळ्यावर?" विचारलं की माळ्यावर शिडी लागते.

- काठवट (कुठे काठोट): कणीक मळायचं, पीठ चाळायचं पसरट लाकडी पात्र.
- रवी, आपल्याकडे रई: मोठी ताक घुसळायची दोरीची, लहान वरण घोटायची. लहान असेल तर घोटणीही म्हणतात.
- चाटू: लांब दांड्याचा लाकडी डाव, भात-आंबील ढवळायला. लग्नाच्या पंगतीतले चाटू हातभर लांब असतात.
- मुसळ: तळाला लोखंडी कडं. ते कडं जाग्यावर असेल तर ठेवा, काढू नका.
- शेवयांचा पाट: उतरता लावून त्यावर बसायचं आणि तळहातानं पीठ वळत शेवई खाली सोडायची. तळहात जिथं घासतो तिथं पाट काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. सरगुंड्यांच्या (काडीवर पीठ गुंडाळून केलेल्या शेवयांच्या) काड्यांची जुडी बहुधा याच पाटासोबत गुंडाळून ठेवलेली सापडते. विकणाऱ्याला तिची किंमत वाटत नाही, त्यामुळे मागितली तर फुकट मिळते.
- मापं: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीत चार शेर. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीइतकी भरेलच असं नाही, म्हणून "ही खोटी आहे" असं घाईनं म्हणू नका. आपल्या देशात 1958 पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजन-मापं आली, त्यानंतर या जुन्या मापांचा व्यवहारातला उपयोग हळूहळू संपला. ती धान्याच्या कोठीत, नाहीतर अडगळीत जाऊन पडली.
- विळी, खवणी: लोखंडी पात्याखालचा लाकडी पाट जुना असतो, पातं पुष्कळदा बदललेलं असतं.

आता लाकूड. सगळे विकणारे "सागवान आहे, शिसव आहे" एवढंच सांगतात, पण स्वयंपाकघरात दुसरी लाकडंही खूप वापरली जायची. मुसळाला बाभूळ किंवा धावडा, कारण ते टणक आणि चिवट. हलक्या भांड्यांना शिवण: फिक्की, पिवळसर, हातात घेतली की कागदासारखी हलकी, आणि सहसा वाकत नाही. कातीव (चरकावर फिरवून केलेल्या) कामाला हळदू, त्याचा पोत बारीक. पाटाला आंबा, आणि आंब्याच्या लाकडाला किडा हमखास लागतो. शिसव गडद, जांभळट तपकिरी आणि जड. साग घासला की त्याचा ओळखीचा, जरा चामड्यासारखा वास येतो.

बिजा (इतरत्र बिबळा म्हणतात) वेगळा ओळखू येतो. त्याच्या पेल्यात पाणी रात्रभर ठेवलं तर पाण्याला निळसर झाक येते. मधुमेहासाठी म्हणून विकले जाणारे नवे पेले हेच. ते औषध आहेत की नाहीत ते डॉक्टरांना विचारा. पण नवा पेला तेल लावून "आजोबांचा" म्हणून विकणारे आहेत, हे मात्र मी पाहिलंय.

3. पिशवीत काय असावं

टेप, कॅलिपर (व्यास मोजायला, प्लास्टिकचा स्वस्तातला चालतो), हातभिंग, मोबाईलचा टॉर्च, छोटा चुंबक, मऊ ब्रश, जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा गुंडाळायला, वही-पेन. आणि सुटे पैसे. 500 च्या नोटा काढल्या की भाव तिथंच वाढतो. चुंबक यासाठी की "पितळी पट्ट्या" म्हणून दाखवलेल्या पायलीच्या पट्ट्या पुष्कळदा सोनेरी रंग दिलेल्या लोखंडाच्या असतात.

4. कुठे शोधायचं

आधी काहीही न घेता अजब बंगल्यात जाऊन या. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासूनचं आहे, आणि जुन्या वस्तूंवर खरी झीज कशी दिसते हे काचेतून का होईना, पाहता येतं. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. अहमदाबादला गेलात तर विशाला परिसरातलं वेचार नावाचं भांड्यांचं संग्रहालय पाहा, ते 1981 पासून आहे. तिथं धातूची भांडी जास्त, पण जुनी वस्तू मांडावी कशी हे शिकायला मिळतं.

आता खरेदी. नागपुरात मला तीन ठिकाणी माल मिळाला.

एक, कबाडी. इतवारी, महाल, लकडगंज या जुन्या वस्त्यांत वाडे पाडले जातात तेव्हा दारं-खिडक्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि स्वयंपाकघरातलं सामान कबाड्याकडे. त्याला काठवट म्हणजे जळण. त्याच्याशी ओळख ठेवा, चहा पाजा, नंबर द्या. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा सर्वांत चांगला. घर साफ होतं आणि "हे कशाला ठेवलंय?" असं घरोघरी विचारलं जातं.

दोन, आठवडी बाजार. रामटेक, उमरेड, काटोल, सावनेर या बाजूच्या बाजारांत जुनं सामान विकायला फार येत नाही, पण माणसं येतात. तिथं भाजी घेता घेता बोललं की "आमच्या घरी हाय ना एक" असं ऐकू येतं.

तीन, तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा. पोळ्याच्या आधी लाकडी नंदी विकायला सुतार बसतात. त्यांच्याकडून नंदी घ्या किंवा घेऊ नका, पण बोला जरूर. कोणाच्या घरी काय आहे, कोणता पाट कोणी बनवला, कोणत्या गावात शिवणीचं काम चांगलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. माझ्याकडची सर्वांत चांगली रई अशाच एका काकाजींच्या सांगण्यावरून मिळाली.

ऑनलाइन मी घेत नाही. फोटोत वजन कळत नाही आणि वासही येत नाही.

5. वस्तू हातात आली की

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं घाई करू नका. विकणारा कंटाळला तरी चालेल.

झीज कामाशी जुळते का, हे आधी पाहा. दोरीच्या रईचा दांडा घ्या. दोरी जिथं गुंडाळली जाते तिथंच बोटभर रुंदीचे गुळगुळीत वळ हवेत, आणि बाकी दांडा तुलनेनं जाड. माझ्या रईवर असे दोन पट्टे आहेत, एक दुसऱ्यापेक्षा खोल. खालच्या फुलाच्या पाकळ्या एका बाजूनं जास्त झिजल्यात, कारण डेऱ्याच्या त्याच बाजूला ती रोज घासत होती. असली झीज कुणी मुद्दाम करत नाही, करायची म्हटलं तर कित्येक वर्षं ताक घुसळावं लागेल. बनावट जुन्या मालात झीज सगळीकडे सारखी असते. काठवट असेल तर ती आतून गुळगुळीत आणि कडेला हाताची पकड जिथं येते तिथं काळपट असावी. बाहेरून मात्र ओबडधोबड चालते. लाटणं मध्ये किंचित बारीक झालेलं असतं.

मग उलटं करा. पालथ्या बाजूला कुणी नकली काम करत नाही, म्हणून तिथं खरं दिसतं. हातानं कोरलेल्या काठवटीच्या तळाला वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) उथळ, एकमेकांवर चढलेले घाव असतात, कमीजास्त, जरा वेडेवाकडे. ग्राइंडरचे एकाच केंद्राभोवतीचे गोल ओरखडे दिसले तर ती अलीकडची. फळीवर कमानदार करवतीच्या रेषा असतील तर ती गोल पात्याच्या मशीनवर कापलेली. हातकरवतीच्या रेषा सरळ आणि थोड्या तिरक्या पडतात.

खिळे आणि स्क्रू. हातानं घडवलेल्या खिळ्याचं डोकं चौकोनी किंवा वेडंवाकडं असतं. आणि अधिकच्या खुणेचा, चार फाट्यांचा स्क्रू दिसला तर थांबा. तो अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. एकदा मला "दोनशे वर्षं जुनी, भोसल्यांच्या काळातली" म्हणून पायली दाखवली. तळाला चार असे स्क्रू. मी म्हटलं, "भोसल्यांकडे स्क्रूड्रायव्हर होता का जी?" विकणारा हसला आणि म्हणाला, "ताई, खालचा बूड नवा आहे, वरचं जुनं." हेही खरं असू शकतं. दुरुस्ती नंतरची असते. पण मग भाव दोनशे वर्षांचा कशाला?

कॅलिपर. कातीव गोल भांडं तयार होतं तेव्हा पूर्ण गोल असतं. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून जुनं गोल भांडं थोडं लंबगोल होतं. 18 सेंमी व्यासाच्या एका मापात मला 4 मिमीचा फरक मिळाला. याचा उलटा अर्थ काढू नका: ओल्या लाकडाचं नवं भांडंही सहा महिन्यांत लंबगोल होतं. पण "शंभर वर्षांचं" भांडं काटेकोर गोल निघालं तर शंका घ्या.

भोकं. किड्यानं पाडलेली भोकं आत वाकडीतिकडी जातात. ड्रिलची सरळ जातात आणि सगळी एका मापाची असतात. त्यात बारीक तार घालून पाहा, वळणावर अडली तर किड्याची.

रंग. चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश, पोटॅशियम परमँगनेट, धूर, हे सगळे लाकूड जुनं दिसावं म्हणून लावलेले मी पाहिलेत. ओल्या पांढऱ्या कापडानं कोपऱ्यात घासा. जुना तेलकटपणा थोडासा काळा निघतो. पॉलिश तपकिरी निघतं आणि कापडाला वास येतो.

आणि दुरुस्त्या. तांब्याचे टाके, टिनाचा तुकडा, लाखेनं बुजवलेला तडा असलेली वस्तू मी आता आधी घेते. कुणाला तरी ती टाकवली नाही म्हणून त्यानं ती जोडली. या वस्तूंबद्दल यापेक्षा पक्कं काही कळत नाही.

6. भाव

इथं ठराविक भाव नसतो. कबाड्याकडे तो वजनावर, गावात मनावर आणि दुकानात तुमच्या कपड्यांवर ठरतो. मी एक नियम पाळते: घरातून घेताना घासाघीस करत नाही. म्हातारी माय माळ्यावरून काठवट काढून देते, "काय करता जी याचं? स्टीलची परात हाय ना आता," म्हणते आणि 50 रुपये मागते, तेव्हा मी तिला 300 देते आणि काठवट खरं तर किती जुनी वाटते तेही सांगते. दोन वेळा असं झालं की हे ऐकून सून म्हणाली, "मग ठेवा ना आई." आणि ती वस्तू राहिली. राहू द्या.

कबाड्याशी मात्र खुशाल घासाघीस करा, त्याला ती आवडते.

"जोडीचं आहे, दोन्ही घ्या" या बोलण्याला भुलू नका. जोडीतली दुसरी वस्तू बहुधा नवी असते.

7. कागदपत्रं आणि कायदा

लोकांना हा भाग वाचायला आवडत नाही, म्हणून थोडक्यात.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा आहे, लागू झाला 1976 मध्ये. 100 वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू त्यात पुरावस्तू ठरू शकते. घरात काठवट ठेवायला काही अडचण नाही, रोजच्या वापराच्या साध्या भांड्यांना नोंदणी लागत नाही. पण कोरीव लाकडी मूर्ती हाती आली तर नोंदणीचं आधी विचारा. पुरावस्तूंची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर परवाना लागतो. आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पुतण्याला अमेरिकेत पाठवायची असेल आणि वस्तू तेवढी जुनी नाही याची खात्री असेल, तरी "ही पुरावस्तू नाही" असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेऊन मगच पाठवा. त्यांचं नागपूर मंडळ सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत आहे. शिसवाच्या वस्तूवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे वेगळे निर्बंधही आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विमानतळावर लाकडी वस्तू कसून तपासतात, तिथं किड्याचं एक भोक दिसलं तरी वस्तू अडकते.

विळीला किंवा सुरीला सांबरशिंगाची मूठ असेल, कुठं हस्तिदंताचं काम असेल, तर ती वस्तू घेऊ नका. कितीही जुनी असो, कितीही सुंदर असो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 त्यात येतो आणि "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

पाडलेल्या वाड्याचे सागवानी खांब-तुळ्या ट्रकनं आणायचा मोह झाला तर आधी वनविभागाच्या कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. ते काठवटीसारखं पिशवीत घालून आणायचं प्रकरण नाही.

प्रत्येक खरेदीची हातानं लिहिलेली पावती घ्या: तारीख, गाव, वस्तू, रक्कम, सही किंवा अंगठा. पुढं कुणी विचारलं तर ही चिठ्ठी कामी येते.

8. घरी आणल्यावर

वस्तू थेट घरात नेऊ नका. एक आठवडा पॉलिथिनच्या पिशवीत गच्च बांधून वेगळी ठेवा, पिशवीत खाली काळा कागद. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली तर आत किडा जिवंत आहे. छोटी वस्तू असेल तर तशीच पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस थांबा, म्हणजे थंड लाकडावर ओल धरत नाही. मी हे दोनदा करते. कुल्फीचं सामान ठेवायच्या फ्रीजरमध्ये आजेसासूबाईंचं लाटणं पाहून घरचे हसतात, हसू द्या. रॉकेल आणि वाळवीचं औषध मारू नका.

धुण्याचं. भिजत घालू नका. सोडा, डिटर्जंट, लिंबू-मीठ, यातलं काहीच नाही. मऊ ब्रशनं धूळ, मग किंचित ओलं कापड, लगेच कोरडं कापड. पॉलिश पेपर घरातच ठेवू नका म्हणजे मोह होणार नाही. तो काळपट थर म्हणजेच जुनेपणा, तो एकदा गेला की परत येत नाही. माझ्या पहिल्या काठवटीकडे पाहून कुणीही आज "मागच्या महिन्यात आणली का?" असंच विचारतं.

तेल. खोबरेल, शेंगदाणा, तीळ यापैकी काही लावू नका. ही तेलं नीट सुकत नाहीत, चिकट होतात, खवट वास येतो आणि मुंग्या येतात. आपल्या विदर्भातलं जवसाचं तेल सुकतं, पण सावकाश, आणि थर अगदी पातळ हवा. लावून पंधरा मिनिटांनी पुसून काढा. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल वेगळं, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, भांड्याला नको.

इथं एक इशारा. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना तिच्यात उष्णता तयार होते आणि ती आपोआप पेट घेऊ शकते. मे महिन्यात नागपुरात तर अजिबात नको. चिंधी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

सोपा पर्याय म्हणजे औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, आणि हवं तर त्यात खादी भांडारातलं मधमाशीचं मेण. चार भाग तेल, एक भाग मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं. वर्षातून दोनदा पुरे.

जुन्या मापात किंवा कोठीतल्या भांड्यात खाण्याचं काही ठेवू नका. पूर्वी धान्याला कीड लागू नये म्हणून गॅमेक्सिनसारख्या पावडरी सर्रास वापरायचे, आणि लाकूड ते धरून ठेवतं. माझ्या पायलीत आज फक्त बटणं आहेत.

9. नागपूरचा उन्हाळा, म्हणजे कूलर

पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही, पण आपल्याकडे लाकडाचा खरा शत्रू कूलर आहे. मेमध्ये बाहेर 45 अंश आणि हवा पार कोरडी, लाकूड आकसतं. आत कूलर चालू केला की ओली हवा, लाकूड फुगतं. रात्री बंद, पुन्हा आकसतं. आधीच जुना तडा असेल तर तो रोज थोडा थोडा उघडतो. माझी एक शिवणीची काठवट कूलरच्या समोरच्या भिंतीवर टांगलेली होती. मेच्या शेवटी एका दुपारी टाळी वाजावी तसा आवाज झाला. पाहिलं तर काठापासून तळापर्यंत चीर.

म्हणून: कूलरच्या झोतात काही ठेवायचं नाही. बाहेरच्या, पश्चिमेच्या भिंतीवर नाही, गच्चीखालच्या माळ्यावर नाही. काचेच्या बंद कपाटात ठेवायचं तर दाराला बारीक फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. एका खोलीत साधा आर्द्रतामापक लावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळं उचलून खाली पाहा. पाठीला पांढरी झाक दिसली तर कोरड्या ब्रशनं बाहेर नेऊन झाडा, घरात नको.

10. वही

फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, पण वहीही ठेवा. मी एका वस्तूला एक पान देते: क्रमांक, नाव (घरातले लोक म्हणायचे तेच नाव), गाव, कोणाकडून, रक्कम, मापं, लाकूड, खुणा, दुरुस्त्या, आणि ती वस्तू कशासाठी वापरायचे हे सांगणाऱ्याच्या शब्दांत. क्रमांक वस्तूवर पेननं लिहू नका, खोडता येत नाही. सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

शेवटचा रकाना "बाहेर दिलं" असा आखा. हा रकाना मला नंतर आखावा लागला. काटोलच्या बाजूच्या एका घरातून मी मुसळांची जोडी आणली, क्रमांक 14. दीड वर्षानं त्या घरातून फोन आला: "ताई, मुलीचं लग्न हाय, हळद कुटायला मुसळ लागन. घरचंच पाह्यजे म्हणते आजी." मी नेऊन दिली आणि पंधरा दिवसांनी घेऊन आले. त्यानंतर त्याच भावकीत आणखी एक लग्न झालं, पुन्हा गेली. आता वैशाखात तिसरं आहे. तळच्या लोखंडी कड्याच्या फटीत हळद बसलीय, ती मी ब्रशनं काढलेली नाही. वहीत तारखांसाठी जागा कमी पडतेय, म्हणून तुम्ही तो रकाना जरा रुंदच आखा.